उत्तर नको, प्रश्न विचार!

काय दोस्तांनो, सुट्टी कशी गेली? माझी गेली हिंगोलीला, ताईच्या घरी. तिथं माझी भाची बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी पोचलो तेव्हा बाईसाहेब मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसलेल्या. तीन दिवसांनी कॉलेजात सगळ्यांसमोर लायगोवर पंधरा मिनिटं बोलायचं होतं ना!

लायगो म्हणजे काय, ठाऊक आहे? हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहणारी प्रयोगशाळा. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं तिच्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या, एकमेकींशी काटकोनात. दूर अवकाशात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, की गुरुत्वीय लहर उठते. ती टिपायची. अशी लहर पहिल्यांदा सापडली १४ सप्टेंबर २०१५ला, अमेरिकेत.

भाचीनं एआयला एवढंच लिहिलं होतं, ‘लायगोची माहिती दे.’ यंत्रानं चटकन दोन पानं दिली. छान, गुळगुळीत! तिनं ती पाठही केली.

मी सहज विचारलं, “अगं, नळ्या दोन कशाला? एकीनं भागलं नसतं का?”

ती गप्प. मग म्हणाली, “मामा, ते त्यात लिहिलेलं नाही.”

झालं! पाठ सगळं, पण कळलेलं काहीच नाही. तिलाही ते बोचलं. मग आम्ही दोघांनी मिळून यंत्राला नव्यानं सांगायचं ठरवलं. यंत्राला जे लिहून सांगतात त्याला ‘प्रॉम्प्ट’ म्हणतात. आमचा प्रॉम्प्ट असा झाला: ‘मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकाशाचं व्यतिकरण मला शिकवून झालंय, गुरुत्वीय लहरी नाहीत. लायगोला दोन नळ्या का, हे मला समजून घ्यायचंय. उत्तर सांगू नकोस. एका वेळी एकच प्रश्न विचार. मी चुकले, तर कुठं चुकले तेवढं दाखव.’

आता यंत्रच तिला विचारू लागलं. एकाच प्रकाशाचे दोन भाग सारखंच अंतर जाऊन परत आले, तर काय दिसेल? एकाची वाट किंचित लांबली तर? भाची दोनदा चुकली, वैतागली, वहीत आकृत्या काढल्या. आणि अर्ध्या तासानं ओरडलीच, “मामा! लहर आली की एक नळी ताणली जाते, त्याच वेळी दुसरी आखडते. दोन्हींची तुलना केली तरच फरक कळणार!” तो फरकही केवढा? प्रोटॉनहूनही कितीतरी पटींनी बारीक.

तुर्कस्तानातल्या एका शाळेत सुमारे १००० मुलांवर असाच प्रयोग झाला होता. ज्यांना यंत्र थेट उत्तरं देई, त्यांनी सरावात ४८ टक्के जास्त गुण मिळवले. पण परीक्षेत यंत्र काढून घेतलं, तेव्हा ज्यांना ते कधी मिळालंच नव्हतं त्यांच्याहीपेक्षा १७ टक्के कमी! ज्यांना नुसत्या खुणा मिळत होत्या, त्यांचं मात्र असं नुकसान झालं नाही.

एक गंमत सांगायची राहिलीच. त्या गुळगुळीत दोन पानांत लायगो पुणे जिल्ह्यात आहे असं ठोकून दिलं होतं! भाची हसून म्हणाली, “मामा, आम्ही नागनाथाला जातो तिकडंच तर आहे ते.” हे तिला घराजवळचं म्हणून कळलं. लांबचं असतं तर? मग बाकीची नावं, तारखा, आकडे आम्ही पुस्तकात आणि प्रकल्पाच्या माहितीपत्रात ताडून पाहिले. कंटाळवाणं काम, पण आणखी दोन चुका सापडल्या. (आई-बाबा, तुम्ही शेजारी बसलात तर हे काम लवकर होतं बरं का!)

तीन दिवसांनी रात्री फोन आला. “मामा, भाषण झालं! पण सरांनी शेवटी एक प्रश्न टाकला. १० जुलै २०२४ला आपल्याकडं भूकंपाचा धक्का बसला होता, आठवतंय? तसा धक्का आला, तर यंत्राला ती लहरच वाटणार नाही का? मला नाही सांगता आलं.” आवाज मात्र खुशीत होता.

उत्तर मला ठाऊक आहे, पण तिलाही सांगितलं नाही आणि तुम्हांलाही सांगणार नाही. एक खूण देतो. अमेरिकेत लायगोची दोन यंत्रं आहेत आणि ती एकमेकांपासून सुमारे ३००० किलोमीटर दूर आहेत. चला, वही काढा आणि उत्तर पत्रानं कळवा!