विश्लेषण : डायनासोर पाण्यात राहायचे का? सहारा, चंद्रपूर आणि अंधेरीतले पुरावे काय सांगतात?

'ज्युरासिक पार्क'च्या तिसऱ्या भागात टी-रेक्सची मान मोडणारा, पाठीवर शिडासारखा उंच पडदा असलेला स्पायनोसॉरस अनेकांना आठवत असेल. गेल्या काही वर्षांत या प्राण्याचं चित्र पुन्हा पुन्हा बदललं. आधी तो जमिनीवरचा शिकारी होता, मग नदीत पोहणारा झाला आणि आता काठावर उभा राहून मासे टिपणारा मानला जातोय. असं का होतंय? महाराष्ट्रात असा पाण्यातला डायनासोर होता का? आणि 'डायनासोरच्या काळातला दगड' म्हणून रील्समध्ये फिरणाऱ्या अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचं काय?

चर्चा पुन्हा का सुरू झाली?

फेब्रुवारी २०२६ मध्ये पॉल सेरेनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकेतल्या नायजर देशात सापडलेल्या स्पायनोसॉरसच्या नव्या प्रजातीची माहिती प्रसिद्ध केली. तिचं नाव 'स्पायनोसॉरस मिराबिलिस'. डोक्यावर तलवारीसारखा वाकडा तुरा ही तिची ओळख.

तुऱ्यापेक्षा महत्त्वाची आहे ती हाडं सापडली ती जागा. सुमारे साडेनऊ कोटी वर्षांपूर्वी ती समुद्रकिनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत होती, नद्यांच्या प्रदेशात. त्यामुळे स्पायनोसॉरस हा समुद्रात खोल सूर मारणारा प्राणी होता, ही कल्पना आणखी अवघड झाली. पण एवढ्यावरून 'तो पोहतच नव्हता' असं म्हणता येत नाही. मगरीही समुद्रापासून दूर नद्यांमध्ये राहतात.

वाद नेमका काय आहे?

२०१४ मध्ये मोरोक्कोत सापडलेल्या सांगाड्यावरून निजार इब्राहिम आणि सहकाऱ्यांनी हा डायनासोर अर्धा जलचर असल्याचं मांडलं. आखूड मागचे पाय, मागे सरकलेल्या नाकपुड्या आणि भरीव हाडं हे त्यांचे मुद्दे. २०२० मध्ये त्याच सांगाड्याची शेपटी समोर आली. ती वल्ह्यासारखी चपटी आणि उंच होती. तेव्हा 'पोहणारा डायनासोर' जगभर गाजला.

२०२२ मध्ये एकाच वर्षात दोन उलट निष्कर्ष आले. एका गटाने शेकडो प्राण्यांच्या हाडांची घनता तपासली. पेंग्विन किंवा पाणघोड्यासारख्या प्राण्यांची हाडं भरीव असतात, त्या वजनामुळे बुडी मारणं सोपं जातं. स्पायनोसॉरसची हाडंही तशीच, म्हणून तो बुडी मारणारा, असं या गटाचं म्हणणं होतं. सेरेनो यांच्या गटाने मात्र शरीराचं संगणकीय प्रारूप बनवलं. त्यात हा सुमारे १४ मीटर लांबीचा प्राणी पाण्यात कलंडत होता, हळू पोहत होता आणि त्याला पूर्ण बुडी मारता येत नव्हती. २०२४ मध्ये हाडांच्या घनतेच्या अभ्यासातल्या आकडेमोडीवरही आक्षेप घेतले गेले.

सध्या बगळ्याचं उदाहरण जास्त दिलं जातं. बगळा पाण्यावर जगतो, पण पाण्यात राहत नाही. स्पायनोसॉरस मासे खायचा, यावर मात्र कुणाचा फारसा वाद नाही.

हे ठरायला एवढा वेळ का लागला?

कारण पहिला पुरावाच नष्ट झाला. १९१२ मध्ये इजिप्तच्या बहरिया ओअॅसिसमध्ये मिळालेली हाडं जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट श्ट्रोमर यांनी म्युनिकला नेली आणि १९१५ मध्ये प्राण्याला नाव दिलं. दुसऱ्या महायुद्धात ती सुरक्षित जागी हलवावीत, हा त्यांचा आग्रह मान्य झाला नाही. एप्रिल १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात संग्रहालयासोबत ती जळून गेली. हाती राहिली ती चित्रं, टिपणं आणि थोडे फोटो. पुढची सत्तर वर्षं अभ्यासकांना मुख्यतः सुट्या दातांवर आणि हाडांच्या तुकड्यांवर काम भागवावं लागलं.

महाराष्ट्रात पाण्यातला डायनासोर होता का?

स्पायनोसॉरस नव्हे, पण हाच प्रश्न चंद्रपूर जिल्ह्यातल्या डायनासोरबद्दलही विचारता येतो. वरोऱ्याजवळच्या पिसदुरा परिसरात लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या टायटॅनोसॉर गटातल्या डायनासोरची हाडं मिळतात. याच जिल्ह्यातल्या डोंगरगावचा सांगाडा आज 'आयसिसॉरस' म्हणून ओळखला जातो. हे नाव कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आलं आहे.

लांब मानेचे हे अजस्र प्राणी स्वतःचं वजन जमिनीवर पेलू शकणार नाहीत, म्हणून ते तळ्यात उभे राहत असावेत, असं एकेकाळी मानलं जाई. १९५१ मध्ये केनेथ करमॅक यांनी दाखवलं की एवढ्या खोल पाण्याच्या दाबाखाली त्यांना श्वासच घेता आला नसता. १९७१ मध्ये रॉबर्ट बॅकर यांनी पाय आणि छातीच्या रचनेवरून ते जमिनीवरचेच प्राणी असल्याचं मांडलं. चित्रांतले डायनासोर तळ्याबाहेर आले.

पिसदुऱ्याची खासियत म्हणजे तिथे मिळणारे विष्ठेचे जीवाश्म. चार्ल्स मॅटली यांनी १९३९ मध्ये त्यांचं वर्णन केलं होतं. २००५ मध्ये लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांना त्यात गवताच्या पेशींमधले सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले. तोपर्यंत डायनासोर असताना गवत फारसं नव्हतंच, असा समज होता. २०११ मध्ये त्यातलं काही गवत तांदळाच्या कुळातलं असल्याचंही पुढे आलं.

२०१५ मध्ये आशू खोसला आणि सहकाऱ्यांनी याच विष्ठेत ऑस्ट्राकॉड नोंदवले. हे शिंपल्यासारखं कवच असलेले सूक्ष्म जलचर. मग विदर्भातला डायनासोर पाण्यात राहत होता का? तसं म्हणता येत नाही. तळ्यावर पाणी पिताना किंवा काठचं ओलं गवत खाताना हे जीव पोटात जाऊ शकतात. विष्ठा पाण्यात पडल्यावरही ते त्यात शिरू शकतात. शिवाय त्याच थरात कासवंही आहेत, त्यामुळे प्रत्येक विष्ठा डायनासोरचीच असेल असं नाही.

मग अंधेरीत डायनासोर होते का?

गिल्बर्ट हिल हा बेसॉल्टच्या उभ्या खांबांचा सुमारे ६० मीटर उंच सुळका. त्याचं वय साडेसहा कोटी वर्षांहून जास्त असल्याचं सांगितलं जातं. डायनासोर ६.६ कोटी वर्षांपूर्वी नामशेष झाले, म्हणून दोन्हींची सांगड घातली जाते. पण २००१ मध्ये हेतू शेठ आणि सहकाऱ्यांनी आर्गॉन पद्धतीने या खडकाचं वय मोजलं, ते सुमारे ६.०५ कोटी वर्षं निघालं. म्हणजे हा लाव्हा थंड झाला तेव्हा डायनासोर जाऊन पन्नास लाखांहून अधिक वर्षं झाली होती.

मुंबईच्या खडकात जीवाश्म आहेत, पण ते दुसऱ्याच जगाचे. लाव्हाच्या दोन थरांमध्ये तळ्यांचा गाळ साचला आणि त्यात बेडूक, कासवं गाडली गेली. वरळीतल्या इवल्याशा बेडकांचं वर्णन १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी केलं. 'डायनासोर' हा शब्द १८४२ मध्ये घडवणारे तेच. जोगेश्वरीजवळच्या आंबोली खाणीतही अशा तळ्याचा थर आढळला होता.

आता प्रश्न कशाचा आहे?

उपनगरांतल्या बहुतेक जुन्या खाणी आज इमारतींखाली आहेत. गिल्बर्ट हिललाही चारही बाजूंनी खोदकामाने पोखरलं होतं. २००७ मध्ये महापालिकेने त्याला श्रेणी-२ वारसा दर्जा दिला. पण त्याच्या पायथ्याला आता वस्ती भिडली आहे. भूवारसा स्थळांच्या संरक्षणासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये कायद्याचा मसुदा प्रसिद्ध केला होता.

संरक्षण फक्त दगडाचं नाही, थराचंही हवं. जीवाश्म कोणत्या थरात, कशाच्या शेजारी आणि किती खोल होता, यावरच त्याचा अर्थ ठरतो. नायजरच्या हाडांनी वादाची दिशा बदलली ती त्यांच्या जागेमुळे. पिसदुऱ्याच्या शेतातून आठवण म्हणून उचललेला गोळा दिवाणखान्यात शोभेचा होतो, पण तो तळ्याच्या गाळात होता की काठावर, हे मग कुणालाच सांगता येत नाही.