उजेड उदंड, पण वेळ कोणती?

बारामतीहून इंदापूरकडे रात्री निघाले, तर वाटेत अंधार असा आता फारसा लागत नाही. भवानीनगर, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, एकामागून एक गावे पांढऱ्याशुभ्र दिव्यांत न्हाऊन उभी असतात. २०१५ च्या जानेवारीत केंद्र सरकारने घरांसाठी आणि रस्त्यांसाठी एलईडी दिव्यांच्या योजना सुरू केल्या. घरांसाठीच्या 'उजाला' योजनेतून देशभर ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. भारनियमनाच्या दिवसांत कंदिलाच्या काचा पुसत बसलेल्या घरांना या उजेडाचे मोल कोणी सांगायला नको. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलीला, रात्रीच्या पाळीवर जाणाऱ्या कामगाराला आणि उसाला पाणी द्यायला निघालेल्या शेतकऱ्याला तो हवाच आहे. त्याबद्दल तक्रार करणे हा कृतघ्नपणा होईल.

प्रश्न निर्माण होतो तो हाच सपाट पांढरा उजेड रंगमंचावर चढतो तेव्हा. आपल्या तालुक्यांत डिसेंबर-जानेवारी हे स्नेहसंमेलनांचे आणि एकांकिका स्पर्धांचे दिवस. संहितेत लिहिलेले असते, 'पहाट. घराचे अंगण.' पडदा उघडतो आणि ट्यूबलाइटच्या उजेडात मुलगी सडा टाकू लागते. पुढच्या प्रवेशात रात्र असते, पण उजेड तोच. मग कोणाला तरी वाटते की काहीतरी 'इफेक्ट' हवा. मांडववाल्याकडचे निळे, जांभळे, हिरवे झोत गरगर फिरू लागतात आणि आजीच्या मृत्यूच्या प्रसंगाला वरातीची कळा येते.

असे का होते, याचे उत्तर कलेपेक्षा व्यवहारात अधिक आहे. बँकेच्या नोकरीत मांडव आणि ध्वनिव्यवस्थेचा धंदा करणाऱ्यांचे कर्जाचे अर्ज माझ्यासमोर बरेच आले. अर्जासोबत जोडलेल्या दरपत्रकात स्पीकर असत, जनरेटर असे, रंगीत दिव्यांच्या माळा असत. अलीकडच्या काळात त्यांत 'शार्पी' आणि लेझर यांची भर पडली. डिमर, म्हणजे दिवा हळूहळू मंद किंवा प्रखर करणारे यंत्र, मात्र मला त्या यादीत कधी दिसले नाही. लग्नाला आणि मिरवणुकीला ते लागत नाही, मग धंद्याचा माणूस त्यात पैसे कशाला घालील? त्याचे चुकत नाही. २०२३ च्या गणेशविसर्जनानंतर लेझरच्या झोतांमुळे डोळ्यांना इजा झाल्याच्या तक्रारी पुढे आल्या आणि २०२४ च्या उत्सवात पुणे पोलिसांनी या झोतांवर बंदी घातली. उजेड जपून वापरायची वस्तू आहे, हे त्या निमित्ताने निदान बातम्यांत तरी आले. नाटकाचा प्रश्न मात्र बंदीने सुटणारा नाही. तिथे उजेड नुसता आवरून चालत नाही, त्याच्याकडून काम करून घ्यावे लागते.

हे काम म्हणजे नेमके काय? आपल्या आजी-आजोबांची भाषा आठवून पाहा. झुंजुमुंजू झाले, तांबडे फुटले, दिस कासराभर वर आला, उन्हे तापली, उन्हे कलली, गोरज झाली, कडूसे पडले, दिवेलागण झाली, टिपूर चांदणे पडले. घड्याळाचा एकही आकडा न उच्चारता दिवसाचे किती तुकडे पडले! यातला प्रत्येक शब्द प्रकाशयोजनाकाराला चार गोष्टी सांगतो. उजेड कोणत्या बाजूने आणि किती उंचीवरून येतो, त्याचा रंग काय, तो किती प्रखर आहे आणि किती वेगाने बदलतो आहे. 'कासराभर' म्हणताच सूर्य क्षितिजापासून थोडाच वर आला आहे, हे कळते. म्हणजे दिवा बाजूच्या विंगेतून, खालच्या कोनात हवा आणि सावल्या लांब पडायला हव्यात. 'कडूसे' म्हटले की सूर्य दिसत नाही, पण आकाशात उजेड शिल्लक आहे. म्हणजे पाठीमागचा पडदा थोडा उजळ आणि माणसे मात्र काळसर.

रंगाचे शास्त्रही सोपे आहे. सकाळी आणि संध्याकाळी सूर्याचे किरण तिरपे येतात आणि त्यांना हवेचा जाड थर ओलांडावा लागतो. त्यात निळा प्रकाश इकडेतिकडे विखुरतो आणि आपल्यापर्यंत पिवळा-तांबडा तेवढा पोचतो. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे स्टॅन्ली मॅकँडलेस यांनी १९३२ साली रंगमंचाच्या प्रकाशावर पुस्तक लिहिले. नटाच्या एका बाजूने उबदार आणि दुसऱ्या बाजूने थंड रंगाचा प्रकाश टाकण्याची त्यांची पद्धत पुढे जगभर गेली. अंगणात उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिले तर तिचे मूळ लगेच सापडते. एका गालावर ऊन असते आणि दुसऱ्यावर आभाळाची निळसर सावली.

वीज येण्यापूर्वी रंगभूमीने ही वेळ कशी दाखवली असेल? नाट्यशास्त्रात चित्राभिनयाचा विचार आहे. सकाळ, रात्र, ऋतू हे नटाने हातांनी आणि नजरेने कसे सुचवावेत, हे तिथे सांगितले आहे. कालिदासाच्या 'शाकुंतला'च्या प्रारंभी नटी ग्रीष्माचे गाणे गाते आणि नाटकाला ऋतू मिळतो. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात तेच नाटक मराठीत आणले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. तिथे वेळ सांगायला राग होते. भैरव कानावर पडला की सकाळ, पूरिया ऐकू आला की संध्याकाळ, मल्हार म्हणजे पावसाळा. जोडीला बाबूराव पेंटर, पु. श्री. काळे यांच्यासारख्या चित्रकारांनी रंगवलेले पडदे होते. तमाशाला तर याहून मोठी सोय होती. गण, गवळण, बतावणी होऊन वग सुरू व्हायला मध्यरात्र उलटायची आणि वग संपता संपता खरोखरीच तांबडे फुटायचे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर निर्बंध आणले. उत्सवाचे मोजके दिवस सोडले तर ती खरी पहाट आता फडाच्या वाट्याला येत नाही. गाणे कमी झाले, रंगवलेले पडदे गेले, रात्रभराचे खेळ आटले. वेळ सांगण्याचे सगळे ओझे आता दिव्यांवर येऊन पडले आहे.

आणि इथेच आपली दुसरी अडचण सुरू होते. दिवे मिळाले तरी कोणता ऋतू कसा दिसतो, याचे ठोकताळे आपण बाहेरून घेतले आहेत. थंडी म्हणजे निळा, उन्हाळा म्हणजे पिवळा, पाऊस म्हणजे निळा-हिरवा अंधार. निळी थंडी बर्फाच्या मुलुखातली आहे आणि हिरवा अंधार कोकणातला. बारामती-इंदापूरचे आभाळ यापेक्षा निराळे आहे.

आपली थंडी घ्या. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी बारालाही सूर्य आपल्याकडे क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो, म्हणजे डोक्यावर येतच नाही. म्हणून हिवाळ्यात दुपारच्या सावल्याही लांब असतात आणि ऊन सोनेरी वाटते. सकाळी नीरा डाव्या कालव्याच्या कडेने, उसाच्या फडांवर धुके असते. त्यातून ऊन आले की त्याचे पट्टे दिसतात. उजेड हवेत दिसायला त्याला अडायला काहीतरी लागते, धूळ, धूर किंवा धुके. नाटकवाले धुराचे यंत्र लावतात ते याचसाठी. तेव्हा आमच्या मुलखातली थंडी रंगमंचावर उभी करायची तर उबदार, तिरपा प्रकाश, लांब सावल्या आणि सावलीच्या बाजूला किंचित निळसर छटा, एवढे पुरे.

उन्हाळा याच्या नेमका उलट. मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास एक दिवस असा येतो की दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच लपते. शाळांतून हल्ली 'शून्य सावलीचा दिवस' म्हणून तो दाखवतात. वैशाखाचे हे ऊन पिवळे नसते. ते पांढरे असते आणि बाकीचे सगळे रंग खाऊन टाकते. वरून सरळ खाली येणारा पांढरा प्रकाश टाका. नटाच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतील आणि प्रेक्षकांच्या घशाला कोरड पडेल.

पाऊस तर आपल्याकडे पाहुणाच. दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले, अवर्षणप्रवण. जूनचे ढग बहुधा पुढे निघून जातात आणि भिस्त असते ती सप्टेंबरच्या, परतीच्या पावसावर. तो पुष्कळदा संध्याकाळी, वारा आणि धूळ घेऊन येतो. एकीकडे काळे आभाळ आणि दुसरीकडे मावळतीचे तांबूस ऊन, अशा चमत्कारिक उजेडात डाळिंबाची बाग क्षणभर पेटल्यासारखी दिसते. निळ्या दिव्यात हा पाऊस सापडणार नाही. भिगवण-कुंभारगावला उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला आपण मुलाबाळांसह जातो. पक्ष्यांबरोबर पाण्यावरचा उजेडही घटकाभर पाहावा. १९८० साली पुरे झालेल्या या धरणाने भीमाकाठच्या गावांना एक नवी संध्याकाळ दिली आहे. तिथे प्रकाश वरून जितका येतो तितकाच खालून, पाण्यावरून चेहऱ्यावर येतो. ज्यांची जुनी घरे त्याच पाण्याखाली आहेत, त्यांच्या नाटकातली संध्याकाळ अशीच दिसायला हवी.

आता पैशांचे पाहू, कारण शेवटी गाडी तिथेच अडते. नाट्यगृहांतले जुने हॅलोजन दिवे जाऊन एलईडी येत आहेत. या दोहोंत एक मूलभूत फरक आहे. तारेचा दिवा मंद करत नेला की तो आपसूक तांबूस होत जातो, मावळत्या सूर्यासारखा. साधा एलईडी मंद केला तरी त्याचा रंग तोच राहतो आणि शेवटी तो पटकन विझतो. मावळणे त्याला शिकवावे लागते. चांगल्या प्रतीचे एलईडी ते शिकतात, एकाच दिव्यात शेकडो रंगछटा देतात आणि जिलेटिनचे कागद जाळत नाहीत. स्वस्त दिव्यांना ते जमत नाही. युरोपात २०१८ मध्ये हॅलोजनविरोधी नियमांचा प्रस्ताव आला तेव्हा नाटकवाल्यांनी मोठी मोहीम चालवून रंगमंचाच्या दिव्यांसाठी सवलती मिळवल्या. आपल्याकडे असा वाद झालाच नाही, कारण निर्णय निविदेतला सर्वांत कमी दर पाहून होतो.

हिशेब करून पाहा. एक हजार वॅटचे वीस दिवे अडीच तास पूर्ण जळले तर ५० युनिट वीज लागते. त्याच जागी दोनशे वॅटचे वीस एलईडी लावले तर १० युनिट. दहा रुपये युनिट धरले तर प्रयोगामागे बचत ४०० रुपयांची. बचत चांगलीच आहे, पण तेवढ्यासाठी नाटकातली संध्याकाळ घालवावी इतकी मोठी नाही. सभागृहाच्या संगमरवरावर आणि कमानीवर जो खर्च होतो, त्यापुढे बारा वाहिन्यांचा एक डिमर आणि थोडे बरे दिवे ही किरकोळ बाब आहे.

बारामतीला नाटकाचे वावडे नाही. २०१२ च्या डिसेंबरात, ऐन दुष्काळात, डॉ. मोहन आगाशे यांच्या अध्यक्षतेखाली ९३ वे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन इथे भरले. विद्या प्रतिष्ठानचे गदिमा सभागृह आहे, बाहेरची नाटके येतात, लोक तिकीट काढून पाहतात. तेव्हा मागणी आहे ती तीन साध्या गोष्टींची. तालुक्याच्या ठिकाणी सार्वजनिक पैशातून सभागृह बांधताना वा दुरुस्त करताना दिव्यांची आणि डिमरची तरतूद अंदाजपत्रकात वेगळी दाखवावी, 'विद्युत साहित्य' या मोघम खात्यात ती बुडवू नये. ते दिवे चालवणारा एक शिकलेला माणूस पगारावर ठेवावा. आपल्या तालुक्यांत तारतंत्री शिकलेली मुले भरपूर आहेत, त्यांना दोन महिन्यांच्या शिक्षणाने एक नवा व्यवसाय मिळेल. आणि पुण्याच्या विद्यापीठातले ललित कला केंद्र १९८७ पासून नाटक शिकवते आहे, त्याच्यासारख्या संस्थांना इथे येऊन शिबिरे घ्यायला बोलवावे.

तरतूद होईपर्यंत थांबायचेही कारण नाही. तापस सेन (१९२४-२००६) यांनी १९५९ साली कलकत्त्यात उत्पल दत्तांच्या 'अंगार'मध्ये कोळशाच्या खाणीत चढत जाणारे पाणी केवळ प्रकाशाने उभे केले, तेही साध्या साधनांनी. त्यांच्याकडे पाहण्याची सवय होती. ती आपल्या मुलांना फुकट लावता येते. शाळेने एक वही घालावी आणि वर्षभर, आठवड्यातून एक दिवस, मुलांनी पहाट, सकाळ, दुपार, कलती उन्हे, तिन्हीसांज आणि रात्र अशा सहा वेळांची नोंद करावी. उजेड कुठून येतो, भिंतीचा रंग कसा दिसतो, सावली किती पावले लांब आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून त्या वेळेचा शब्दही लिहावा. बावन्न आठवड्यांत त्या वहीत आपल्या तालुक्याचा अख्खा ऋतुचक्राचा आराखडा तयार होईल. पुढच्या स्नेहसंमेलनात सभागृहातल्या ट्यूबलाइट बंद करून, विंगेत खाली ठेवलेल्या एका दिव्यावर पिवळा कागद लावला, तरी सडा टाकणाऱ्या मुलीची सावली अंगणभर पसरेल आणि ही पहाट आहे, हे शेवटच्या रांगेतल्या आजीला कोणी सांगावे लागणार नाही.