आवाजाची मजुरी

कादंबरी वाचायला डोळे हवेत, उजेड हवा आणि रिकामा वेळ हवा. कष्टकरी घरात यातले काही ना काही कमी पडतेच. हात शिलाई मशीनवर, नाहीतर भाकरीच्या पिठात. पण कान मोकळे असतात! म्हणून मोबाइलवर ऐकायच्या पुस्तकांना, म्हणजे ऑडिओबुकला, आपण श्रीमंतांची चैन समजू नये. काम करता करता कादंबरी ऐकण्याची चाल कामगारांनी फार पूर्वी पाडली आहे.

१८६५ साली क्युबा देशाच्या हवाना शहरातील ‘एल फिगारो’ या चिरुटाच्या कारखान्यात हे सुरू झाले. चिरूट वळणे म्हणजे आपल्याकडे विड्या वळण्यासारखेच काम. दिवसभर मान खाली, बोटे चालू. तेथील कामगारांनी ठरवले की आपल्यापैकी एकाने मोठ्याने वाचावे, इतरांनी काम करीत ऐकावे. वाचणाऱ्याला ‘लेक्तोर’ म्हणत. पुढे हा स्वतंत्र पेशाच झाला. उंच चौथऱ्यावर बसून, लाउडस्पीकर नसताना, तो साऱ्या कारखान्याला ऐकू जाईल असे वाचायचा. आधी वर्तमानपत्र, मग कादंबरी.

त्याचा पगार कोण देई? मालक नव्हे. कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून देत. कोणती कादंबरी वाचायची हे मतदानाने ठरे. लेक्तोर निवडतानाही त्याला कामगारांसमोर वाचून दाखवावे लागे. वाचन आवडले की पाने कापायच्या सुऱ्या फळीवर ठोकून दाद मिळे. अक्षरओळख नसलेल्या कामगारालाही व्हिक्टर ह्यूगो आणि अलेक्झांडर द्यूमा यांची पात्रे शेजाऱ्यांसारखी ठाऊक असत. द्यूमाची ‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ तर इतकी प्रिय झाली की १९३५ साली तेथील एका चिरुटाला ‘मॉन्टेक्रिस्टो’ हेच नाव मिळाले.

सत्तेला हे रुचणारे नव्हतेच. १८६६ सालीच सरकारने बंदी घातली, पण प्रथा पुन्हा उभी राहिली. पोटासाठी अमेरिकेतील टॅम्पा शहरात गेलेल्या क्युबन कामगारांनी ती सोबत नेली. तेथे नोव्हेंबर १९३१ मध्ये मालकांनी लेक्तोर बंद केले. ते लाल विचार पसरवतात, हा आरोप! कामगारांनी संप केला, परंतु लेक्तोर परत आले नाहीत. त्यांच्या जागी रेडिओ आला. रेडिओला वर्गणी लागत नव्हती हे खरे. पण काय ऐकायचे, हे ठरवण्याचा कामगारांचा हक्कही त्याबरोबर गेला. क्युबात मात्र कारखान्यांतील वाचन आजही चालू आहे.

आज ऑडिओबुक वाचणारे कलावंत हे त्या लेक्तोरचे वारसदार. बंद खोलीत, पंख्याचा आवाज नको म्हणून उकाड्यात, ते तासन्‌तास बसतात. पोटात गुडगुडले तरी ते ध्वनिमुद्रणात येते! आधी संपूर्ण पुस्तक वाचून प्रत्येक पात्राचे वय, गाव, बोलण्याची ढब टिपून ठेवावी लागते. दहाव्या पानावरची म्हातारी दोनशेव्या पानावर त्याच आवाजात बोलली पाहिजे. जिम डेल या ब्रिटिश नटाने ‘हॅरी पॉटर’ मालिकेच्या पाचव्या पुस्तकात एकट्याने १३४ पात्रांना वेगवेगळे आवाज दिले.

आता मजुरीचा हिशेब पाहा. अमेरिकेत बहुधा तयार झालेल्या ध्वनिमुद्रणाच्या तासावर पैसे मिळतात. चुकले म्हणून पुन्हा वाचले, तयारीत आठवडा गेला, त्याचे वेगळे काही नाही. हजार विड्यांमागे मजुरी घेणाऱ्या आपल्या भगिनींना हा हिशेब समजावून सांगायला नको. पाने भिजवण्यात गेलेला वेळ कोण मोजतो?

आणि आता नवा ‘रेडिओ’ दारात आला आहे. जानेवारी २०२३ पासून अ‍ॅपल कंपनी संगणकाच्या आवाजातील ऑडिओबुक विकू लागली. यंत्राला तहान नाही, घसा बसत नाही, मजुरी नाही. जे पुस्तक कुणीच ध्वनिमुद्रित करणार नाही, ते दृष्टिहीन माणसाला यंत्राने वाचून दाखवले तर स्वागतच आहे. पण कादंबरीतली आई ‘असू दे’ म्हणते, तेव्हा तो राग आहे, माया आहे की हार आहे, हे जगलेल्या माणसालाच उमगते. आईचे ‘असू दे’ ज्याने कधी ऐकलेच नाही, ते यंत्र तिथे काय करणार?

मराठीतही ही पुस्तके भरपूर मिळतात. स्वीडनची स्टोरीटेल कंपनी २०१७ साली भारतात आली आणि मराठी ऑडिओबुकचा पसारा वाढला. रंगभूमीवरचे अनेक कलावंत ती वाचतात. पुस्तक ऐकताना लेखकाचे नाव विचारतो, तसे वाचणाऱ्याचेही विचारावे. आवाज माणसाचा की यंत्राचा, तेही पाहून घ्यावे.

आणि मोबाइलचा खर्च झेपत नसेल तर हवानाची रीत आहेच. महिला मंडळाने हात वर करून एक कादंबरी निवडावी. वस्तीतल्या चांगल्या वाचणाऱ्या मुलीने रोज अर्धा तास वाचावी, बाकीच्यांनी आपापले काम घेऊन बसावे. महिन्याच्या शेवटी वर्गणी काढून तिच्या हातावर चार पैसे मात्र जरूर ठेवावेत. बक्षीस म्हणून नव्हे, मजुरी म्हणून.