अमेरिका नसती तर खिलाफत वाचली असती?

पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरली नसती, तर उस्मानी खिलाफत वाचली असती आणि पॅलेस्टाईनवर ही वेळ आली नसती, असे आपल्याकडे आता सर्रास बोलले जाते. बोलणारे शिकलेसवरलेले असतात. गाझाची चित्रे पाहून त्यांचे मन पोळले आहे, माझेही पोळले आहे. पण म्हणून तारखा बदलत नाहीत.

अमेरिकेने ६ एप्रिल १९१७ रोजी जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि डिसेंबरात ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध. उस्मानी साम्राज्याविरुद्ध तिने युद्ध पुकारलेच नाही. तुर्कांनी तिच्याशी राजनैतिक संबंध तोडले, एवढेच. अरब मुलूख आपसात वाटून घेण्याचा इंग्रज-फ्रेंचांचा सायक्स-पिको करार १९१६ च्या मे महिन्यातला. मक्केच्या शरीफ हुसेनचे बंड जूनमधले. बगदाद पडले ११ मार्च १९१७ रोजी, अमेरिका युद्धात येण्याच्या जवळपास महिनाभर आधी. म्हणजे अमेरिकेविना महायुद्ध कल्पनेत रंगवायची गरजच नाही. तुर्कांच्या आघाडीवर ते तसेच लढले गेले, आणि तुर्क हरले.

मग त्यांना हरवले कोणी? इथे आपली मंडळी गप्प होतात. १९१५ मध्ये जनरल टाउनशेंडच्या हाताखाली दजला, म्हणजे टायग्रिस नदीच्या काठाने बगदादकडे निघालेल्या फौजेचे नाव सहावी (पुणे) डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या, आणि मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांचीही भरती होत असे. कुत-अल-अमारा इथे तुर्कांनी या फौजेला १४७ दिवस वेढा घातला. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार माणसे शरण आली आणि त्यांतली हजारो पुढे कैदेत मेली. खलिफाच्या फौजेवर गोळ्या झाडणारे आणि खलिफाच्या कैदेत भुकेने मरणारे आपल्या कोकणातले, देशावरचे होते. माझ्या वर्गातल्या मुलांना अली बंधू ठाऊक आहेत. कुतबद्दल विचारले तर एकही हात वर आला नाही.

नकार देणारेही होते. आपल्याला तुर्कांविरुद्ध लढायला नेणार, अशी आवई उठल्यावर फेब्रुवारी १९१५ मध्ये सिंगापूरला पाचव्या लाइट इन्फंट्रीतल्या मुसलमान शिपायांनी बंड केले. त्यांतल्या ४७ जणांना जाहीरपणे गोळ्या घातल्या गेल्या. खिलाफतीसाठी गळा काढणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे?

एक आक्षेप मात्र रास्त आहे. अमेरिकेचा पैसा आणि १९१८ अखेर फ्रान्सात पोहोचलेले तिचे सुमारे २० लाख सैनिक नसते, तर जर्मनीला बरा तह पदरात पाडून घेता आला असता आणि त्यात तुर्कांनाही काही परत मिळाले असते. मानू. पण ते मिळाले असते कोणाला? खलिफा नावापुरता होता, सत्ता एन्व्हर, तलत आणि जमाल या तीन पाशांच्या हाती. नोव्हेंबर १९१४ मध्ये खलिफाच्या नावाने जिहादची हाक दिली गेली, तरी हिंदुस्थानातली भरती थांबली नाही. ६ मे १९१६ रोजी जमाल पाशाने बैरूत आणि दमास्कसमध्ये अरब पुढाऱ्यांना फाशी दिले. आर्मेनियन लोकांना सीरियाच्या वाळवंटात हाकून मारले ते याच राजवटीने. ती वाचली नाही म्हणून हळहळणाऱ्यांनी दमास्कसच्या अरबांना काय वाटत होते, हेही विचारावे. आणि शेवटी खिलाफत बरखास्त केली ती ३ मार्च १९२४ रोजी अंकाऱ्याच्या विधिमंडळाने, तुर्कांच्या स्वतःच्या प्रतिनिधींनी.

बाल्फोर जाहीरनाम्याला विल्सनची संमती होती, हे खरे. पण तो जाहीरनामा लंडनचा, आणि जेरुसलेम घेणारी फौजही इंग्रज साम्राज्याची. अमेरिकेवरचा आपला राग १९४८ नंतरच्या हिशेबावर भक्कम उभा राहतो. त्यासाठी १९१७ ची उसनवारी कशाला?

इराकच्या आघाडीवर मेलेल्या, पण कबरही नसलेल्या सैनिकांसाठी इंग्रजांनी बसऱ्याला मोठे स्मारक उभारले. त्यावर गोऱ्या शिपायाचे नाव आहे. साध्या हिंदी शिपायाचे नाव नाही, पलटणीगणिक फक्त आकडा आहे.