दाढेची सूज, श्वासाचा प्रश्न

खालच्या दाढेतला जंतुसंसर्ग जिभेखाली आणि हनुवटीखाली पसरला की श्वासमार्ग दाबला जातो. जर्मन डॉक्टर लुडविग यांनी 1836 मध्ये वर्णिलेला हा आजार आजही जीव घेतो. आत नुसती सूज आहे की पू साठला आहे, हे बोटांनी चाचपून नेहमी कळत नाही. खाटेशेजारची सोनोग्राफी ते काही मिनिटांत दाखवू शकते, तेही क्ष-किरणांविना. शिवाय सीटी स्कॅनसाठी आडवे झोपवताच गुदमरणाऱ्या रुग्णाला बसल्या जागी तपासता येते. घशातला खोलवरचा पू सोनोग्राफीत दिसेलच असे नाही आणि निदान तपासणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून असते, हे आक्षेप खरे आहेत. म्हणूनच ती सीटीला पर्याय नव्हे. तिच्यात काही दिसले नाही म्हणून रुग्णाला घरी पाठवू नये. सोनोग्राफी यंत्रांवर असलेली गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याची बंधने काटेकोर पाळून शासनाने ग्रामीण रुग्णालयांतील डॉक्टरांना या तपासणीचे प्रशिक्षण द्यावे.