तो जल्लोष खोटा आहे

आमच्या ऑफिसात एक जमात आहे. कंट्री म्युझिकचा विषय निघाला की हटकून जॉनी कॅशचा ‘ॲट फॉल्सम प्रिझन’ काढणार, आणि वर ऐकवणार, "बॉस, याला म्हणतात लाईव्ह! एकदम अस्सल." अल्बम जबरदस्त आहे, वादच नाही. मला खटकतो तो ‘अस्सल’ हा शब्द.

१३ जानेवारी १९६८. कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम तुरुंगाच्या जेवणघरात कॅशने एकाच दिवशी दोन कार्यक्रम केले. अल्बममध्ये बहुतेक सगळं पहिल्यातलं आहे. सुरुवातीलाच ‘फॉल्सम प्रिझन ब्लूज’. (त्याची चाल गॉर्डन जेंकिन्सच्या एका गाण्यावरून उचललेली, आणि त्यापायी कॅशला पुढे पैसे मोजावे लागले. असो.) गाण्यातला कैदी सांगतो, की आपण एकाला ठार केलं ते निव्वळ तो मरताना बघायला. आणि रेकॉर्डवर नेमक्या त्याच क्षणी पब्लिक आनंदाने ओरडतं. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. बघा, खरेखुरे गुन्हेगार!

तर मंडळी, ते ओरडणं नंतर स्टुडिओत चिकटवलंय. मायकेल स्ट्राइसगथ नावाच्या लेखकाने या अल्बमवर अख्खं पुस्तक लिहिलंय, २००४ साली, त्यात हे आलंय. त्या ओळीला तिथल्या कैद्यांनी जल्लोष केलाच नव्हता. कशाला करतील? पहारेकरी डोळ्यांत तेल घालून उभे. कॅश गाणं आटपून संध्याकाळी घरी जाणार, यांना तिथेच राहायचंय.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? सगळ्याच लाईव्ह अल्बममध्ये टाळ्या वाढवतात, बेसूर जागा दुरुस्त करतात. मान्य. गिटारचा सूर चुकला आणि तो नंतर नीट केला तर माझी काही हरकत नाही, तो बगफिक्स झाला. पण इथे बदललंय ते गाणं नव्हे, माणसं काय वागली त्याची नोंद. आमच्या धंद्यात याला लॉगमध्ये ढवळाढवळ म्हणतात, आणि ती करणाऱ्याला चहा पाजत नाहीत.

शिवाय ही ढवळाढवळ कोणाच्या नावावर खपली बघा. त्या खोलीत सर्वांत कमी बोलता येणाऱ्या लोकांच्या. शेकडो माणसं गप्प बसली होती, त्यांच्या तोंडी खुनाचा आनंद घातला गेला, आणि ती रेकॉर्ड घराघरात वाजली. कैदी म्हणजे असेच, हे आपल्याला आधीच ‘माहीत’ असतं, रेकॉर्डने त्यावर शिक्का मारला. याच कॅशने १९७२ मध्ये अमेरिकन सेनेटच्या समितीपुढे तुरुंग सुधारा म्हणून साक्ष दिली. मनापासून दिली असणार. पण त्याच्या साक्षीपेक्षा तो जल्लोष कितीतरी जास्त कानांपर्यंत पोचला, त्याचं काय?

बरं, कॅश स्वतः काही शिक्षा भोगून आलेला नव्हता. अधूनमधून एखादी रात्र कोठडीत, एवढंच. त्याची ‘जेलमधून आलेला’ ही इमेज आणि हा जल्लोष एकमेकांना फार सोयीचे होते. निर्माता बॉब जॉन्स्टन काही कच्चा खेळाडू नव्हता, डिलनच्या रेकॉर्ड्स केलेला माणूस. एका आरोळीची किंमत काय, हे त्या टीमला नीट कळत होतं.

आणि चीड याची येते, की गरजच नव्हती! त्याच अल्बममध्ये खरा ऐवज पडलाय. मधेच तुरुंगाच्या लाऊडस्पीकरवरून कैद्याचा नंबर पुकारला जातो. नावाने नाही, नंबरने. आणि शेवटचं गाणं, ‘ग्रेस्टोन चॅपेल’. ते लिहिलं होतं तिथल्याच एका कैद्याने, ग्लेन शर्लीने. कॅशच्या हाती त्याची टेप आदल्या रात्री पडली. रातोरात गाणं बसवलं आणि दुसऱ्या दिवशी शर्ली समोर बसलेला असताना म्हटलं. हा शर्ली १९७१ मध्ये सुटला, कॅशच्या ताफ्यात गायला लागला, पण बाहेरचं जग त्याला पेललं नाही. ताफ्यातून त्याला काढलं, आणि १९७८ मध्ये त्याने स्वतःला गोळी घालून घेतली.

आमच्या त्या जमातीला पहिल्या गाण्यातली ती आरोळी नेमकी कुठे येते हे सेकंदासकट पाठ आहे. शर्ली कोण, हे त्यांच्यातल्या एकालाही सांगता आलं नाही.