बारदानाचे वजन

धान्य-कापसाच्या व्यापारात पिढ्या घालवलेल्या आपल्या समाजाला ‘बारदान’ या शब्दाचा अर्थ सांगण्याची आवश्यकता नाही. पोत्यासह काट्यावर चढलेल्या मालातून रिकाम्या पोत्याचे वजन वजा केल्याखेरीज सौदा पुरा होत नाही. तारणमालाच्या तपासणीला गोदामात जाणाऱ्या आम्हा बँकेच्या अधिकाऱ्यांनाही हा धडा प्रारंभीच गिरवावा लागे. असे असूनही यात्रेसाठी पाठीवरची सॅक विकत घेताना तिचे रिकामे वजन किती, हा प्रश्न दुकानदाराला क्वचितच कोणी विचारतो. रंग पाहिला जातो, कप्पे मोजले जातात, आणि ‘मोठी असलेली बरी, कधीतरी कामास येईल’ असे म्हणून चाळीस-पन्नास लिटरचे धूड घरी आणले जाते.

दिवाळीनंतर शिखरजीच्या यात्रेचे बेत सुरू होतात, म्हणून हा विषय या वेळी घेतला आहे. वीस तीर्थंकरांच्या निर्वाणाने पावन झालेला पारसनाथ पर्वत सुमारे १,३६५ मीटर उंच आहे. मधुबनहून नऊ किलोमीटर चढण, टोकांच्या वंदनेची सुमारे नऊ किलोमीटरची फेरी आणि तितकीच उतरण, अशी सत्तावीस किलोमीटरची ही वाटचाल बहुतेक यात्रेकरू पहाटे दोन-तीनच्या सुमारास आरंभून एका दिवसात पुरी करतात. साध्या हिशेबाने हे अंतर चाळीस हजार पावलांच्या आसपास भरते. पाठीवर एक किलो अधिक असेल, तर तो या प्रत्येक पावलाला उचलावा लागतो. उतरताना त्याची वसुली गुडघ्यांकडून होते.

म्हणून पिशवी आधी आणि सामान नंतर, हा क्रम उलटा करावा. प्रथम नेण्याच्या वस्तू जमिनीवर मांडाव्यात. एका दिवसाच्या वंदनेला लागते ते इतकेच: उकळून गार केलेले एक लिटर पाणी (ज्यांचा पर्वतावर निर्जल राहण्याचा नियम आहे त्यांना तेही नको), पूजेच्या द्रव्याची लहान थैली, विजेरी, एक शाल किंवा लोकरी बंडी, मूठभर फुटाणे, खाकरे, नेहमीची औषधे, आणि अनवाणी वंदना करणाऱ्यांसाठी उतरताना लागलेच तर जाड मोजे. बाटलीसह हे सारे अडीच ते तीन किलोंत बसते. त्याला अठरा ते बावीस लिटरची सॅक पुष्कळ झाली. अशा सॅकचे बारदान चारशे ते सहाशे ग्रॅम असावे. लोखंडी पट्ट्या, संगणकाचा गादीदार कप्पा आणि डझनभर चेन असलेली पिशवी रिकामीच दीड किलोची असते. दोहोंतला फरक म्हणजे एक लिटर पाणी.

शालेय दप्तराबाबतच्या २०२० च्या राष्ट्रीय धोरणात मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंतच दप्तर असावे, असे म्हटले आहे. साठी ओलांडलेल्यांनी स्वतःसाठी ती मर्यादा पाच टक्क्यांवर आणावी, असे माझे मत आहे. साठ किलोच्या व्यक्तीला तीन किलो.

आता कापडाविषयी. वर्धा जिल्हा कापसाचा आणि चरख्याचा. सुताचा ‘नंबर’ जितका मोठा तितके सूत बारीक, हे येथील जुन्या मंडळींना ठाऊक आहे. नायलॉनच्या सॅकवर लिहिलेला ‘डेनिअर’ हा आकडा नेमका उलट चालतो. नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनिअर, त्यामुळे आकडा वाढला की धागा जाड होतो. शाळेच्या दप्तरांना बहुधा सहाशे डेनिअरचे पॉलिएस्टर वापरतात. ते टिकाऊ पण जड. सत्तर डेनिअरच्या आतले कापड मुठीत मावते, मात्र खडकाला घासले की विरते. आपल्या कामाला दोनशे दहाच्या आसपासचे नायलॉन योग्य. डेनिअर हे माप मूळचे रेशमाच्या व्यापारातले आहे, पण रेशीम वर्ज्य मानणाऱ्यांनी त्या शब्दाने बिचकू नये. पिशवीत रेशीम नसते. चामडे मात्र असू शकते. काही सॅकच्या पाठीवर दोन चिरा असलेला चौकटच्या आकाराचा ठिगळासारखा तुकडा शिवलेला असतो, तो पुष्कळदा चामड्याचा निघतो. काहींचे बोधचिन्हही चामड्याच्या पट्टीवर असते. दुकानातच विचारून घ्यावे, म्हणजे मंदिराच्या दारात पेच पडत नाही.

माप घेताना आपली उंची सांगू नये. मान पुढे वाकवल्यावर पाठीच्या वरच्या टोकाला जे हाड उठून दिसते, तेथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंतची लांबी मोजावी. उंच माणसाची पाठ आखूड असू शकते. सॅक नितंबांवर आपटत असेल तर ती आपली नव्हे. खांद्याचे पट्टे किमान चार बोटे रुंद असावेत, आणि छातीवर जोडणारा बारीक पट्टा असावाच, कारण त्यामुळे खांद्याचे पट्टे घसरत नाहीत. कमरेचा गादीदार पट्टा पाच किलोंच्या आत अनावश्यक आहे. त्यासाठी पैसे मोजू नयेत. बाटली सॅक न उतरवता हाती लागली पाहिजे. घरून पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या दुकानात न्याव्यात, सॅकमध्ये ठेवाव्यात आणि दुकानाचा जिना दोनदा चढून पाहावा. दुकानदार हसला तरी हरकत नाही.

आमच्या पिढीची खादीची शबनम मला प्रिय आहे, पण चढणीवर ती नको. ती एकाच खांद्याला ओढते आणि वाकले की पुढे येते. मांगीतुंगीच्या पायऱ्यांवर कठड्याला दोन्ही हात मोकळे हवेत. घरातील तरुण कळसूबाईला जाणार असतील तर त्यांची सॅक खांद्यांपेक्षा अरुंद असावी, म्हणजे तेथील लोखंडी शिड्यांवर ती अडकत नाही. आणि वानरांच्या वाटेवर बाहेर काहीही लोंबकळत ठेवू नये.

हे सारे सोयीचे झाले. पण एक गोष्ट सोयीपलीकडची आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘अतिभारारोपण’ आहे: दुसऱ्याच्या पाठीवर त्याच्या शक्तीबाहेरचा भार लादणे. प्रवचनात त्याचे उदाहरण म्हणून बैल आणि घोडा येतो. बैलगाड्या गेल्या, म्हणून हा अतिचार आपल्याकडून घडतच नाही, असे आपण समजतो. डोलीने वंदना करणारे वृद्ध आणि आजारी यात्रेकरू यांच्याविषयी मला काहीच म्हणायचे नाही; ती त्यांची गरज आहे, आणि वाहणाऱ्याची ती रोजी आहे. परंतु डोलीत बसलेल्या आजीच्या मांडीवर सगळ्या कुटुंबाच्या पिशव्या ठेवल्या जातात. मजुरी ठरते ती माणसाची. हे वजन कोणत्याच हिशेबात येत नाही. वाहणारा संकोचाने बोलत नाही. घरातल्या सतरा वर्षांच्या नातवाच्या पाठीवरही सहा जणांचे पाणी असेच सहज चढवले जाते.

जानेवारी २०२३ मध्ये शिखरजी हे पर्यटनस्थळ नसून तीर्थ आहे, हे सांगण्यासाठी समाज देशभर रस्त्यावर उतरला, आणि ५ जानेवारीला केंद्र सरकारने तेथील पर्यटनविषयक उपक्रम थांबवण्याचे निर्देश झारखंड शासनाला दिले. ती मागणी रास्तच होती. त्याच पर्वतावर डोलीला लटकलेली फुगीर सॅक आणि तिच्यातून डोकावणारी वेफर्सची पाकिटे मात्र पर्यटकाचीच दिसतात.

नवी सॅक घेतली की निघण्यापूर्वी महिनाभर तिचा सराव करावा. वर्ध्याहून पवनारपर्यंत भरलेली सॅक घेऊन पहाटे दोन-तीनदा चालत गेल्यास पट्टा कोठे टोचतो ते कळते. सपाट रस्ता पुरेसा नसेल त्यांनी परतवाड्यामार्गे मुक्तागिरी गाठावी. बावन्न मंदिरांची वंदना, धबधब्याजवळची चढउतार आणि एका दिवसात परत.

शेवटी एक सूचना मंदिरांच्या विश्वस्तांना. वर्षातून चार दिवस लागणारी ही वस्तू प्रत्येक घराने विकत घेण्याचे कारण नाही. मंदिराने वेगवेगळ्या पाठीच्या मापांच्या आठ-दहा सॅक घेऊन ठेवाव्यात, प्रत्येकीवर तिचे रिकामे वजन ग्रॅममध्ये लिहावे आणि यात्रेकरूंना नाममात्र अनामत घेऊन द्याव्यात. परत करताना ती धुऊन, वाळवून आणि चेन तपासून द्यायची, एवढी एक अट. नोंदवहीला पाच रकाने पुरतील: नाव, सॅकचा क्रमांक, नेल्याची तारीख, परतीची तारीख, सही. वही आखून देण्याचे काम माझ्याकडे.